खोतबाईंच्या सोळा वह्या

प्रिय नील आणि सई,

गेल्या रविवारी फोनवर नीलने मला एक बातमी दिली. त्याच्या विद्यापीठात यंदा नवा अभ्यासक्रम निघाला आहे. इतिहासाची, डॉक्टरकीची, चित्रकलेची आणि प्राणिशास्त्राची मुलं एका खोलीत बसवतात आणि एकाच वस्तूकडे तासभर बघायला लावतात. बघायचं, लिहायचं, पुन्हा बघायचं. बारकाईने पाहणं ही संशोधनाची पद्धत आहे आणि ती कोणत्याही विषयाला चालते, असं तिथल्या प्राध्यापकांनी शोधून काढलं आहे म्हणे. "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" असं त्याने विचारलं. त्याची जेवायची वेळ झाली होती, म्हणून मी फोन ठेवला. उत्तर लांब आहे, ते लिहूनच काढते.

आमच्या वेळी असलं होतं. कोल्हापुरात, मी जिथे इंग्रजी शिकवत होते त्याच कॉलेजात होतं. ते चालवणाऱ्या बाईंचं नाव हिराबाई खोत. ते बंद पडलं आणि बंद पाडण्यात माझा हात होता. तुमच्या आईलासुद्धा हे मी कधी सांगितलेलं नाही.

हिराबाई गारगोटीकडच्या शेतकरी घरातल्या. भूगोल शिकवायला त्या आमच्याकडे रुजू झाल्या त्या दिवशी खांद्याला कापडी पिशवी होती आणि आवाज या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. स्टाफरूममध्ये शिरल्या त्या थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"इंग्रजीबाई तुम्हीच न्हवं? डोळं मिटा बघू."

मी गोंधळून मिटले.

"ह्या खोलीला खिडक्या किती?"

मी त्या खोलीत नऊ वर्षं बसत होते. "तीन," मी म्हणाले.

"चार हायती. चौथीवर तुम्हीच वेळापत्रक डकवलंयसा. उघडा आता."

वेळापत्रक खरंच मी डकवलं होतं, चारी बाजूंनी पट्टीने माप घेऊन. खोली हसली. पण पुढच्या आठ दिवसांत बाईंनी प्रत्येकाची पाळी घेतली. अर्थशास्त्राच्या सरांना कॉलेजच्या जिन्याच्या पायऱ्या सांगता आल्या नाहीत. प्राचार्यांना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात आकडे आहेत की रेघा, हे सांगता आलं नाही. मग लोक चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभे राहू लागले. आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांना चूक दाखवलेली चालते, फक्त ती दुसऱ्याची असली पाहिजे.

शनिवारी दुपारी त्या एक वर्ग घेत. त्याला परीक्षा नव्हती, गुण नव्हते आणि कोणत्याही शाखेचं पोर बसलं तरी चालत असे. त्याला त्या 'पाहणी' म्हणत. एक वस्तू किंवा एक जागा निवडायची आणि महिनाभर तिथेच जायचं. पहिले चार शनिवार 'का' हा शब्द उच्चारायचा नाही. वहीत 'सुंदर', 'खूप' आणि 'साधारण' हे शब्द दिसले की बाईंची तांबडी पेन्सिल त्यांच्यावरून फिरे. "खूप म्हंजे किती? मोज की. मोजता येत न्हाय तर परत जा, बस आन् बघ." वाणिज्य शाखेची पोरं दुधाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. तिथे म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. गिऱ्हाईक आधी म्हशीकडे बघतं, पेल्याकडे बघतं की धार काढणाऱ्याच्या हाताकडे, एवढंच त्यांनी महिनाभर टिपलं. बाजारपेठेवरच्या जाड पुस्तकांतून जे कळलं नव्हतं ते त्यांना तिथे कळलं, असं तीच पोरं सांगत.

इतिहासाच्या एका मुलीला बाईंनी गावाबाहेरच्या वीरगळासमोर बसवलं. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड तो. मुलीने पहिल्या दिवशी लिहून आणलं, 'शूर वीर त्वेषाने लढत आहे.'

"शूर हाय हे दगडावर कुठं लिवलंय?" बाई म्हणाल्या. "आन् त्वेष कुठल्या बोटात दिसला तुला? हे तू बघितलं न्हाईस. हे तुझ्या सरांच्या पुस्तकात हाय."

मुलगी रडली आणि परत गेली. चौथ्या खेपेला तिने लिहिलं, 'खालच्या चौकटीत गाई चार आहेत. चौथी अर्धी आहे आणि तिची मान मागे वळलेली आहे.' आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्याच दगडावर दोन लेख लिहिले होते आणि दोन्हीत गाई तीन होत्या. त्यांनी त्या आधीच्या एका पुस्तकातून उचलल्या होत्या. दगड त्यांच्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर होता. मुलीची वही त्यांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "ही छपाईची चूक असणार." चूक कोणाच्या छपाईची, दगडाच्या की पुस्तकाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी त्यांना हसले. मग माझ्याच वर्गातली एक मुलगी पाहणीत बसायला लागली आणि तिने मला विचारलं की तुम्ही कवितेत ज्या इंग्रजी फुलाबद्दल इतकं बोलता त्याला पाकळ्या किती असतात. त्या फुलावर मी अकरा वर्षं गळा भरून व्याख्यान देत होते. "हे परीक्षेला येत नाही," असं मी तिला सांगितलं.

बाईंचं स्वतःचं काम गुळावर चाललं होतं. राधानगरीच्या रस्त्यावर एक गुऱ्हाळ होतं. दत्तूमामा तिथले गुळव्या, म्हणजे उसाचा रस काहिलीत किती आटवायचा आणि काहील नेमकी कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. क्षणभर आधी उतरली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. बाई तीन हंगाम सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या एस्टीने तिथे जाऊन बसल्या. दत्तूमामांनी काय केलं, कोणत्या हाताने केलं, कोणाशी बोलत असताना केलं, सगळं वहीत उतरवलं. अशा सोळा वह्या झाल्या. मामा त्यांना म्हणत, "बाई, माझ्या बायकूनं बी मला एवढं बघितलं न्हाय."

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा वरून एक समिती येणार असल्याचं पत्र आलं. पाहणीचा वर्ग कोणाच्या मंजुरीने चालतो, अशी विचारणा त्यात होती. समितीला हे संशोधन आहे असं पटलं, तर वर्ग सर्व शाखांसाठी कायमचा होणार होता. नाही पटलं तर बंद. पुरावा म्हणून बाईंच्या गुळाच्या कामाचा अहवाल हवा होता, आणि तो इंग्रजीत.

"माझं काय, मी चाललो दोन वर्सांत," त्या मला म्हणाल्या. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी चाललो' असंच म्हणतात, सईने हसू नये.) "पर ह्या पोरांना माझ्यामागं बघायला कोण बसवनार? तेवढं वर्गाचं होऊ दे, इंग्रजीबाई. तुमचं अक्षर चांगलं, शिस्त चांगली. तुम्हीच करा."

सोळाही वह्या त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. पानांना पाकाचे डाग होते, कडा चिकटलेल्या होत्या. मी दोन महिने काम केलं. तक्ते केले, प्रकरणं पाडली, तळटीपा दिल्या. आणि मी छाटलं. दत्तूमामांनी मान डावीकडे कलवली, असं वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत पुन्हा पुन्हा येत होतं. मान कलवली, हात वर करून शेजारच्याला गप्प केलं, मग बोटं पाण्यात बुडवली. कधी त्याच्या आधी, 'ऊस पिळायच्या चरकाचं इंजिन बंद करायला सांगितलं.' मला ही पुनरुक्ती वाटली. माणसाला मान कलवायची खोड असेल, त्याचं शास्त्राशी काय नातं? मी ती सगळी वाक्यं काढून टाकली. अहवाल एकशे बारा पानांचा झाला, फार नीटस झाला.

"समदं घेतलंसा न्हवं?" बाईंनी विचारलं.

"महत्त्वाचं सगळं घेतलंय."

"महत्त्वाचं कोनी ठरवलं?"

"हिराबाई, वाचणाऱ्यांना वेळ नसतो."

"बघायला वेळ न्हाय, वाचायला वेळ न्हाय," त्या हसत म्हणाल्या. "मग करत्यात काय वो ही मानसं दिवसभर?"

समितीच्या आदल्या दिवशी स्टाफरूमची सगळी कपाटं आवरायची होती. हे काम माझ्याकडेच असे, कारण मी ते आवडीने करत असे. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात वह्यांना मुंग्या लागल्या होत्या. लेबल लावलेल्या फायलींच्या रांगेत ते दृश्य मला सहन झालं नाही. अहवाल बांधून तयार होता, मग कच्च्या वह्या कशाला? मी यादीत लिहिलं, 'जुन्या वह्या, खराब. निकाली.' खाली सही केली. शिपायाने त्या मागच्या अंगणात नेऊन बाकीच्या कचऱ्याबरोबर पेटवल्या. मी बघायला गेले नाही.

समितीत तीन गृहस्थ होते. त्यातले जे रसायनशास्त्राचे होते त्यांनी अहवाल चाळला आणि विचारलं, "मॅडम, पाक तयार झाला की नाही हे गुळव्या पाण्यात गोळी करून बघतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोळी कधी करायची हे त्याला कसं कळतं? तेवढं सांगा. तुमच्या या एकशे बारा पानांत ते नाही. मग तीन हंगाम तिथे बसून काय मिळवलंत? थर्मामीटर लावला असता तर एका दिवसात काम झालं असतं."

प्रश्न अगदी योग्य होता. उपहास सोडला तर त्या माणसाने त्या दिवशी विचारलेला तेवढाच एक शहाणा प्रश्न.

"ते हाय की," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "गोळी करायच्या आदी दर खेपेला तो काय करतोय ते तारखेनिशी लिवलंय. इंग्रजीबाई, माझी सात नंबरची वही आना बघू. आन् बारावी."

मी उठले नाही. "कपाट आवरलं," मी म्हणाले. "वह्या... काल निकालात काढल्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणाला वाटेल, त्या संतापल्या असतील. त्यांनी माझ्याकडे जसं वीरगळाकडे बघायचं असतं तसं बघितलं. मग पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "प्या. ओठ वाळल्यात तुमचं."

"वह्या नसल्या तर तोंडी सांगा," समितीवाले म्हणाले.

"न्हाय सांगनार."

"का?"

"वही म्होरं न्हाय. आता जे सांगीन ती माझी आठवन. आठवन म्हंजे पाहनी न्हवं. चार वर्सं पोरांच्या वह्यांत हेच खोडत आलो, आन् आज माझ्यावर पाळी आली म्हनून चालू करू व्हय?"

मी तेव्हा बोलू शकले असते. ती वाक्यं मीच छाटली होती, वही सोडून ती कुठे होती तर माझ्याच डोक्यात होती. दत्तूमामा काहिलीकडे बघत नसत, कान देत. पाकाचा आवाज बदलला की गोळी करत, आणि तो आवाज ऐकू यावा म्हणून इंजिन बंद करायला लावत. हे मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या, पहिल्यांदाच कळलं. पण बोलले असते तर एकशे बारा पानं माझी होती आणि ती निरुपयोगी आहेत हेही सांगावं लागलं असतं. मी पाणी प्यायले.

समितीने शेरा मारला, 'निरीक्षणांना लेखी आधार नाही. पद्धत अशास्त्रीय.' खाली तीन सह्या. त्यांतल्या एकानेही गुऱ्हाळ पाहिलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारपासून त्या तासाला व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग सुरू झाला. त्यात मुलांना हस्तांदोलन कसं करावं हे पडद्यावर चित्रं दाखवून शिकवत. दत्तूमामा त्याच उन्हाळ्यात वारले आणि गुऱ्हाळ मालकाने मोडलं, त्यामुळे पुन्हा जाऊन बसण्याचीही सोय राहिली नाही.

निवृत्तीनंतर बाई गारगोटीला राहिल्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा मधे सहा वर्षं गेली होती. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय सुजलेले होते, आवाज तेवढाच.

"या की इंग्रजीबाई! डाव्या पायावर जोर देऊन चालतायसा. गुडघा?"

मी खाली बसले आणि घरून पाठ करून आणलेली माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे. एक सांगा. माझ्या वह्यांची कव्हरं कसल्या रंगाची व्हती?"

"निळी," मी म्हणाले.

"समदी?"

दोन महिने त्या माझ्या टेबलावर होत्या. रोज मी त्या उघडत होते. "निळीच असतील," मी म्हणाले.

"असतील!" त्या म्हणाल्या. आतून सून चहा घेऊन आली. तिला त्या म्हणाल्या, "ह्यांना बिनसाखरेचा दे गं. कॉलेजात कधी साखर घेत न्हवत्या." खरे रंग त्यांनी मला सांगितले नाहीत. मीही विचारले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी हिराबाई वारल्या. वह्या नाहीत, गुऱ्हाळ नाही, शनिवारचा वर्ग नाही. माझा अहवाल कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तपकिरी कापडात बांधलेला आहे, कण्यावर सोनेरी अक्षरं आहेत, एकही पान फाटलेलं नाही. गेल्या मंगळवारी मी जाऊन बघून आले.