निळ्या वाटेचं माप

आमच्या गावात सायकल न येणारा माणूस शोधून सापडत नाही. उतार दारातच सुरू होतो, त्यामुळे चालायला शिकल्यावर पोरं पहिली सायकलवरच बसतात. म्हणूनच डोंगरावरून सायकलच्या वाटा आखल्या तेव्हा गावसभेपुढे भलताच पेच पडला. नवख्यांच्या वाटेला निळी पाटी, सराव असलेल्यांच्या वाटेला लाल आणि जिवावर उदार झालेल्यांसाठी काळी, इतकं ठरलं होतं. पण कुठली वाट कुठल्या रंगाची, हे सांगणार कोण? वाटांचं काम बघणारा कुर्दिन सगळ्या वाटा उतरून आला आणि म्हणाला, "मला तर सगळ्याच निळ्या वाटल्या."

तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी प्लाशचं नाव घेतलं.

प्लाश गावचा चीज करणारा. जाडजूड मनगटांचा, मोठ्या पोटाचा, गालातल्या गालात हसणारा. तांब्याच्या मोठ्या कढईपाशी त्याच्या हाताला तोड नव्हती, पण सायकलवर बसला की त्याचा पार पुतळा व्हायचा. उतार आला की पुढचा ब्रेक गच्च दाबायचा आणि डावा पाय जमिनीला लावायचा. सभेत आधी हशा झाला, मग तोच नियम झाला. प्लाश पाय न टेकता खाली आला तर वाट निळी, टेकला तर लाल. काळीवर त्याला कुणी पाठवलंच नाही.

दरवर्षी बर्फ गेल्यावर, वाटा दुरुस्त झाल्या की प्लाशची फेरी व्हायची. लोक थर्मासातून कॉफी घेऊन वळणावळणावर उभे राहायचे. पाय टेकला की "टेकला रे, टेकला!" असा गलका उठायचा. प्लाशही हसायचा. आम्ही धाकटे त्याला काका म्हणायचो, पण पाठीमागे त्याचं नाव 'निळा काका' असंच होतं.

त्याच्या भाचीच्या लग्नात कुर्दिनने पेला उंचावला आणि नवरदेवाला म्हणाला, "घाबरू नकोस रे! हा नाच आमच्या प्लाश्यालाही जमला, म्हणजे निळाच आहे!" सगळं दालन हसलं. प्लाशची बायको बार्ला तर डोळे पुसत हसली. तेच त्याला लागलं.

त्यानंतर दर रविवारी, गाव चर्चमध्ये असताना, तो दुधाच्या गाडीत सायकल टाकून पलीकडच्या खोऱ्यात जायला लागला. बार्ला पाद्रीबाबांना सांगायची, गुडघा दुखतो ह्यांचा. तिकडे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. तो पडला, खरचटला आणि हळूहळू शिकला. पुढचा ब्रेक सोडायचा, वजन मागे न्यायचं, नजर चाकावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची. एक दिवस कुर्दिनच्या देखत काळी वाट उतरायची आणि काही न बोलता घरी जायचं, असं त्याच्या मनात होतं.

त्याआधीच नवी वाट तयार झाली. वरच्या कुरणापासून लार्चच्या जंगलातून खाली येणारी, वासरांची वाट. कुटुंबं यावीत म्हणून हॉटेलवाल्यांना ती निळी हवी होती. खालच्या टप्प्यात लार्चच्या मुळांचं जाळं होतं. प्लाश तिथे पोचला तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, "टेक! टेक!" जुन्या प्लाशने इथे पाय टेकलाच असता, म्हणून आताही टेकायला हवा, हे त्याला कळत होतं. पण ते ओरडणं कानात शिरलं आणि पाय पेडलवरून सुटेचना. तो सरळ खाली आला. कुर्दिनने त्याची पाठ थोपटली आणि निळी पाटी ठोकली.

जुलैत, पाऊस पडून गेल्यावर, त्याच मुळांवर आराउ शहराच्या वेर्लीबाई पडल्या. सपाट मुलखातल्या. नवऱ्याने हट्टाने सायकल घेऊन दिलेली, मागून मुलगी येत होती. मनगट मोडलं.

दोन दिवसांनी मी लोणी घ्यायला प्लाशच्या दुकानात उभा होतो, तेव्हा हाताला प्लास्टर घातलेल्या वेर्लीबाई आत आल्या. नातेवाइकांसाठी चीज हवं होतं.

"कुठे लागलं?" बार्लाने विचारलं.

"सांगायचीच लाज वाटते हो," बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "निळ्या वाटेवर. पोरं उतरतात तिथून. माझी मुलगी विचारते, आई, तू सगळ्यात सोप्यावर कशी पडलीस? सायकल विकूनच टाकणार आहे. आपलं काम नाही ते."

प्लाश चीज कापत होता. त्याने तुकडा कागदात गुंडाळला, पुन्हा उघडला, पुन्हा गुंडाळला. बाई गेल्यावर माझ्यामागून रस्त्यावर आला. गळ्यातला एप्रन तसाच होता.

"तू डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर काम करतोस. वजनकाटा बिघडला तर काय करतोस?"

"लिफ्ट थांबवतो. का काका?"

मग त्याने सगळं सांगितलं. मी म्हणालो, "मुळं ओली होती काका. कुणीही पडलं असतं."

"मीच पडलो असतो," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीचा मी."

त्याच संध्याकाळी तो खानावळीत कुर्दिनच्या पत्त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. "वासरांची वाट लाल कर. मला सायकल यायला लागलीय."

कुर्दिनने पत्ते खाली ठेवले नाहीत. "प्लाश्या, आज मठ्ठ्याऐवजी दुसरंच काही प्यायलास का?"

टेबल खदखदलं.

"उद्या रविवार आहे," प्लाश म्हणाला. "येताना थोडी माणसं घेऊन ये. लाल वाटेवर."

दुसऱ्या दिवशी माझ्याच लिफ्टने सगळे वर गेले. प्लाश लाल वाटेने उतरला. खडकाच्या पायऱ्या, अरुंद लाकडी फळी, शेवटचं उलटं वळण. कुठेही पाय टेकला नाही. दोन वर्षं ज्यासाठी घाम गाळला ते सगळ्यांसमोर करत होता आणि त्याचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसासारखा होता. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलं नाही. कुर्दिन खाली पोचला, हेल्मेट काढलं आणि बराच वेळ त्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"सांगायचं नाहीस मला?"

"काय सांगू? तुझ्यासारखा झालोय म्हणून?"

कुर्दिन मान खाली घालून म्हणाला, "पाटी आत्ताच काढतो."

"काढ. मला बसथांब्यावर जायचंय."

वेर्ली मंडळी दुपारच्या पिवळ्या बसने परत निघाली होती. मीही प्लाशबरोबर गेलो. थांब्यावर अर्धं गाव होतं, चर्चमधून नुकतंच सुटलेलं. प्लाश बाईंसमोर उभा राहिला आणि टोपी काढली.

"बाई, ती वाट निळी नव्हती. लाल होती. माझ्यावरून रंग ठरतो इथे. मी चोरून शिकलो आणि कुणाला सांगितलं नाही. माफ करा."

वेर्लीबाईंना आधी कळेना. कळलं तसा चेहरा लाल झाला.

"आणि काल दुकानात? मी तुमच्यासमोर बोलत होते तेव्हा?"

"तेव्हाही ठाऊक होतं."

"मी रात्रभर रडलेय, कळतं का तुम्हाला? पोरीसमोर तोंड वर करायची सोय उरली नाही माझी! आणि तुम्ही चीज कापत उभे!" त्यांचा आवाज थांब्याच्या पार टोकापर्यंत गेला. पाद्रीबाबा बघत होते, बार्लाही बघत होती. प्लाशने कुणाकडे पाहिलं नाही. समजावलं नाही, माफीसुद्धा दुसऱ्यांदा मागितली नाही. टोपी धरून ऐकत राहिला.

बस आली. चालकाने मागच्या आकड्याला सायकली अडकवायला सुरुवात केली. तेवढ्यात मुलगी आईचा चांगला हात ओढत म्हणाली, "म्हणजे तू लालवर गेली होतीस, आई?"

चालक बाईंची सायकल वेडीवाकडी टांगू लागला तेव्हा त्या पुढे होऊन ओरडल्या, "सांभाळून! हँडल वाकेल तिचं!"

बस पूल ओलांडून जाईपर्यंत प्लाश तिथेच उभा होता. मग टोपी न घालताच, लोकांच्या मधून वाट काढत, संध्याकाळच्या दुधासाठी कढई घासायला गेला.