नाव न सांगितलेली बहीण

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दहावीच्या सराव परीक्षेची बैठकव्यवस्था लावत होते. फोन तिच्या भाच्याचा, सुनीलचा. "शीलाताई, आत्या गेली. सकाळी सव्वासहाला." मी विचारलं, "कशानं? पडली का कुठे?" तो म्हणाला, "कॅन्सर होता ना तिला. सव्वा वर्ष झालं." वीस वर्षांची मैत्रीण, दर रविवारी उपासनेला माझ्याच बाकावर बसणारी, आणि हे मला तिच्या भाच्यानं सांगावं... तेही ती गेल्यावर. त्या दिवशी मी रडले नाही. दफनविधीच्या तयारीत कोणाला काय आणायला सांगायचं ते लिहून काढलं, फोन केले, आणि सगळा वेळ मनातून धुमसत राहिले. आज सहा आठवडे झाले. अजून धुमसतेच आहे.

नलूताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर वारज्याला सुनील आणि त्याच्या बायकोकडे राहायची. तिच्या हॉलमध्ये दर बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बारा-चौदा जणांची प्रार्थना भरते. दोन गीतं, शास्त्रवाचन, मग प्रार्थनेच्या विनंत्या. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी. ज्यांना नाव सांगायचं नसतं ते नुसतं 'एका भावासाठी', 'एका बहिणीसाठी' असं लिहायला सांगतात. देवाला नाव ठाऊक असतं, आम्ही विचारत नाही.

या प्रार्थनेला मी जाऊ लागले ते विजय गेल्यानंतर. विजय माझा नवरा. तो आजारी असताना मंडळीनं साखळी प्रार्थना धरली होती, म्हणजे दिवसाचे चोवीस तास घराघरांत वाटून घेतलेले. त्या तासांचा तक्ता मीच केला होता. एक तासही रिकामा ठेवला नव्हता. विजय गेला. दफनाच्या वेळी कोणीतरी माझ्यामागे हळूच बोललं, "कुठंतरी विश्वास कमी पडला." मी चर्चला जायचं बंद केलं. चार महिने गेले. पाळकसाहेब येऊन गेले, मंडळीतल्या बायका येऊन गेल्या, सगळ्यांना चहा दिला आणि पाठवलं. मग नलूताई आली. तिसऱ्या मजल्यावर चढून धापा टाकत म्हणाली, "विश्वास राहिला नाही ना? नको राहू दे. बुधवारी सतरंज्या घालायला तरी ये, माझी कंबर धरते. आणि त्या विनंत्या कपट्यांवर लिहितात गं, गेल्या आठवड्यात बरी झालेल्या बाईसाठी पुन्हा प्रार्थना केली आम्ही." अव्यवस्था मला बघवत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मी वही घेऊन गेले, ती परत सुटलीच नाही. पहिल्या वर्षी मी फक्त विनंत्या वाचायची, आमेनही म्हणायची नाही. नलूताईनं एकदाही विचारलं नाही.

वहीचा एक नियम मी केला होता. तीन महिने ज्याची काही खबर नाही, ती विनंती खोडायची. नाहीतर यादी वाढतच जाते आणि लोक ऐकेनासे होतात. गेल्या वर्षी नलूताईनं एक विनंती सांगितली : एका बहिणीसाठी, आजारात. मी ती दर बुधवारी मोठ्यानं वाचत होते. तीन महिने झाल्यावर तिला विचारलं, "ताई, तुझी ती बहीण बरी झाली का?"

"नाही."

"मग काही कळवत का नाही ती?"

"कळवण्यासारखं काही नसेल."

"मग खोडते. नियम आहे."

ती हसली. "खोड बाई. तुझ्या नियमापुढे देवाचंही चालत नाही."

मी खोडलं. पट्टी लावून, सरळ रेघ मारून. तेव्हा नलूताई चांगलीच वाळली होती. त्यावर विचारलं तर म्हणाली होती, "स्थळ बघतेय चौसष्टाव्या वर्षी, बारीक नको व्हायला?" आणि मी हसले होते.

दफनानंतर सुनीलच्या बायकोनं सांगितलं. आत्यानं घरात सगळ्यांना बजावलं होतं : शीलाला कळू द्यायचं नाही. "माझं नाव घेऊन प्रार्थना करायला लागली आणि विजयसारखी मीही गेले, तर ती पुन्हा यायची नाही," असं म्हणायची.

म्हणजे माझा विश्वास किती टिकेल, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. तिच्या उशाशी बसायचं, तिला पेज भरवायची, भांडायचं, तिच्यासाठी नाव घेऊन मागायचं... यातलं काहीच तिनं मला करू दिलं नाही. वर माझ्याच हातानं स्वतःला खोडवून घेतलं. तिचा अंदाज बरोबर होता की चूक, हे मला आता कधीच कळणार नाही. याचा राग सर्वांत जास्त आहे.

दोन बुधवार गेले नाही. तिसऱ्या बुधवारी गेले ते वही देऊन टाकायला. सुनीलनं प्रार्थना तिच्याच हॉलमध्ये चालू ठेवली आहे. मी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, ती बहीण नलूताई होती आणि तिला मी खोडलं. मग आमचे बेंजामिनकाका, वय ब्याऐंशी, म्हणाले, "तुम्ही खोडलंत म्हणून आम्ही थांबलो होतो की काय? मी रोज प्रार्थनेत घेत होतो त्या बहिणीला. शेवटपर्यंत."

"तरी गेलीच ना, काका?"

"गेली," ते म्हणाले. सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली.

मी बसले. एकेक जण प्रार्थना करत गेला आणि पाळी माझ्यापर्यंत आली. मी म्हणाले, "प्रभू, तू ऐकलं नाहीस आणि तिनं सांगितलं नाही. तुम्हा दोघांवरही माझा राग आहे." एवढंच होतं माझ्याजवळ. पण आमच्याकडे समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय कोणी आमेन म्हणत नाही, आणि माझं संपलंय असं कोणालाच वाटलं नसावं. सगळे डोळे मिटून थांबले होते. पंखा फिरत होता. आत नलूताईच्या खोलीचं दार उघडंच होतं, पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती...

"पुढच्या बुधवारी येईन," मी म्हणाले.

"आमेन," सगळे म्हणाले.