एकाच चाकाचा ब्रेक

“ब्रेक फेल झालं, साहेब. त्याला कोन काय करणार?” आप्पांनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थाप मारली.

ट्रॅक्टर चावडीपुढं उभा होता, मागं पाण्याचा टँकर जोडलेला. आदल्या सकाळी याच टँकरखाली पारूबाईचा पाय सापडला होता. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. टँकर थांबायच्या जागी आला, एकदम डावीकडं वळला आणि रांगेत घुसला. बाकीच्या बाजूला पळाल्या. पारूबाई घागरीला अडखळून पडली. तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. फुटलेल्या घागरींच्या खापऱ्या अजून तिथंच पडलेल्या.

मी मोटार वाहन निरीक्षक होतो. लोक आम्हाला सरसकट आरटीओ म्हणतात. ॲक्सिडेंट झाला की पोलीस आम्हाला बोलावतात. गाडीत काही बिघाड होता का, हे तपासून आम्ही रिपोर्ट द्यायचा. ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. गाव सोनारीच्या अलीकडचं. विहिरी कोरड्या, सगळं गाव टँकरवर. आप्पा गावच्या सोसायटीचे चेअरमन. टँकरच्या खेपा तहसीलमधून त्यांनाच मिळाल्या होत्या.

पोलिसांच्या कागदावर ड्रायव्हर म्हणून लक्ष्मणचं नाव होतं. चाळिशीचा माणूस, आप्पांकडं कामाला, बौद्धवस्तीत घर. लायसन होतं. तो थोडा लांब, मान खाली घालून उभा होता. आप्पांच्या शेजारी त्यांचा मुलगा सुधाकर. नववीत शिकणारा, मिसरूडही न फुटलेला.

मी आधी जमीन बघितली. मातीत चाक घासटल्याची खूण स्पष्ट होती, पण ती एकट्या डाव्या चाकाची. उजवं चाक नुसतं फिरत गेलेलं. ब्रेक फेल झाला तर खूणच उमटत नाही. इथं ब्रेक लागला होता, पण एकाच चाकाला.

हे कसं होतं ते सांगतो. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, शेजारी शेजारी. एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. रानात नांगराच्या तासाच्या टोकाला वळायचं असलं की एकच पेडल दाबतात, ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल एका छोट्या लॅचनं जोडून टाकायचे, म्हणजे पाय कुठंही पडला तरी दोन्ही चाकं बरोबर थांबतात. लॅच लावायला क्षणभर वाकावं लागतं, एवढाच त्रास. आणि मागं पाण्यानं भरलेला टँकर ढकलत असताना एकट्या डाव्या चाकाला ब्रेक मारला, तर ट्रॅक्टर डावीकडंच जाणार.

मी लक्ष्मणला म्हणालो, “चालू करा. त्या लिंबापर्यंत नेऊन थांबवा.”

तो वर चढला. बसायच्या आधी वाकला, लॅच लावला आणि मगच किल्ली फिरवली. लिंबापाशी ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला. ब्रेक ठणठणीत होते. आणि लॅच लावल्याशिवाय ज्याला बसवत नाही, त्याच्या हातून काल तसा अपघात झाला असेल, हे मला पटेना.

“काल कोण चालवत होतं?”

लक्ष्मण आप्पांकडं बघत राहिला.

मी सुधाकरला बाजूला घेतलं. “तुला येतो का रे ट्रॅक्टर चालवायला?”

“येतो की. आप्पांच्या मांडीवर बसून शिकलोय.”

“काल तूच होतास ना?”

त्याचे डोळे भरले. “व्हय. म्या दाबला ब्रेक, साहेब. जोरात दाबला. ते वळलंच एकदम.”

“पेडलचा लॅच का लावला नव्हतास?”

“कसला लॅच?”

मी बोट करून दाखवला. तो त्या लोखंडाच्या तुकड्याकडं पहिल्यांदाच बघत होता. “आप्पा त्याला कधी हात लावत न्हाईत,” तो म्हणाला.

माझं डोकं तिथं फिरलं. मी आप्पांपुढं गेलो. “तुमचा मुलगा चालवत होता. त्याला हा लॅच माहीतसुद्धा नाही.”

“दर वळणाला लावा अन् काढा, कोन करतंय साहेब? इतकी वर्षं चालवतोय, मला काय झालं?”

“तुम्हाला नाही झालं. पारूबाईला झालं.”

“हळू बोला,” आप्पा म्हणाले. “पोरगं अजून लहान हाय. लक्ष्मण बघून घेईल. त्याची काळजी आमी घेऊ. तुमी ब्रेक फेल लिवा, म्हंजे त्यालाबी त्रास न्हाय.”

हे सगळं लक्ष्मणच्या समोर चाललं होतं. त्याला विचारायची गरज आप्पांना वाटली नाही.

दुपारी तहसीलदारांनी बोलावून घेतलं. “रिपोर्ट लवकर संपवा हो. टँकर जप्तीत अडकला तर गावानं प्यायचं काय?”

“टँकर सोडा, सर. ब्रेक चांगले आहेत. लक्ष्मण चालवील. पण मी ब्रेक फेल लिहिणार नाही.”

“चेअरमन वरपर्यंत जाईल.”

“जाऊ दे.”

बाहेर पायरीवर पारूबाईचा नवरा बसला होता. मला बघून उठला. मला वाटलं, न्याय मागायला आलाय. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, टँकर बंद करू नगा. आमच्या पायी गावाचं पानी तुटलं तर आमाला तिथं ऱ्हाता यायचं न्हाय.” पारूबाईचा पाय घोट्यापासून काढावा लागणार होता, हे त्याला सकाळीच कळलं होतं. मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. राग मात्र अजून आठवतो.

मी रिपोर्ट जसाच्या तसा लिहिला. ब्रेक सुस्थितीत, पेडल न जोडल्यामुळं अपघात, चालवणारा अल्पवयीन. टँकर दोन दिवसांत सुटला.

केस उभी राहिली तेव्हा पाऊसपाणी झालं होतं. पोलिसांनी लक्ष्मणचं नाव काढलं नव्हतं, माझ्या रिपोर्टमुळं आप्पांचं जोडलं होतं एवढंच. सुधाकर साक्षीला आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. विचारल्यावर त्यानं एकदा वडिलांकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “लक्ष्मण चालवत व्हता. म्या घरी व्हतो.”

चावडीपुढं रडणारं पोरगं हेच का, असं मला वाटलं. बापाच्या वयाच्या माणसाला तो एकेरीत ‘व्हता’ म्हणत होता, अगदी आप्पा त्याच्याबद्दल बोलायचे तसं.

मी माझी साक्ष दिली. रांगेतल्या दोन बायकांनीही न घाबरता सांगितलं की स्टिअरिंगवर पोरगंच होतं. लक्ष्मण सुटला. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली म्हणून आप्पांना किरकोळ दंड झाला. त्यांनी तो तिथल्या तिथं भरला. लक्ष्मण पुन्हा त्यांच्या कामावर गेला नाही. ढोकीकडं उसाच्या ट्रॅक्टरवर लागला. पारूबाई कुबडी घेऊन चालायला लागली.

कोर्टाच्या आवारात आप्पांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला होता. “घाबरला न्हाईस. झ्याक बोललास,” ते म्हणत होते. पोराचा चेहरा फुलला होता.

मी जवळ गेलो. “आप्पा, पोराला खोटी साक्ष द्यायला लावलीत.”

“पोराला वाचवायला कोन बाप हे करनार न्हाय, साहेब? तुमाला पोरं न्हाईत का?”

“आहेत. म्हणूनच सांगतो. ट्रॅक्टर कसा चालवू नये हे तो तुमच्याकडं बघून शिकला. अपघात झाल्यावर तो दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालायचा, तेही आज शिकला. यातलं तुम्ही त्याला तोंडानं काहीच शिकवलं नसेल, तरी तो शिकलाच.”

आप्पा हसले. “चल रे,” म्हणाले आणि निघून गेले.

पुढं रिटायर होईपर्यंत मी गावोगाव लायसनचे कॅम्प घेतले. मुलं टेस्टला यायची, बहुतेक वेळा वडिलांच्या गाडीवर मागं बसून. मी टेस्ट सुरू करायच्या आधी फाटकाबाहेर जाऊन उभा राहायचो आणि बाप गाडी कशी आणतोय, वळताना मागं बघतोय का, ते बघून घ्यायचो. नियमात असं कुठं लिहिलेलं नाही. पण मुलगा पास होणार की नापास, याचा माझा अंदाज तिथंच व्हायचा, आणि तो फारसा चुकला नाही. वाईट एवढंच की नापास करायचा अधिकार मला फक्त मुलाला होता.