कोळशानं लिहिलेली इंग्रजी

मला इंग्रजी येत नव्हती असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं तापतं. येत होती. भरपूर येत होती. 'सॅलरी' हा शब्द मिठावरून आला आणि 'मसल' म्हणजे मुळात लहानसा उंदीर, हे त्या काळी दिग्रसमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, एक मास्तर आणि दुसरा मी. त्याचा उपयोग काय, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. मास्तरांनी तर नाहीच नाही.

मास्तर म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. तरुणपणी ते नागपूरला एका पाद्र्याकडून लॅटिन शिकले होते, आणि ती लॅटिन दिग्रसमध्ये कुठे खपवावी या विवंचनेत पुढचं सगळं आयुष्य गेलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनांची भरती असायची, तिची परीक्षा मला द्यायची होती, आणि त्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर भल्याभल्यांना आडवा यायचा. मी मास्तरांचं दार वाजवलं. ते आनंदानं तयार झाले. अट एकच घातली.

"मूळ कळल्याशिवाय शब्द तोंडातून काढायचा नाही. मूळ हाती आलं की मागून वीस शब्द आपोआप येतात."

मी ती अट पाळली. माझं वाटोळं तिथूनच सुरू झालं.

पहिल्या दिवशीचा शब्द होता 'कँडिडेट'. मास्तर म्हणाले, "तू कोण? उमेदवार. म्हणजे कँडिडेट. लॅटिनमध्ये कँडिडस म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस आपला अंगरखा खडूनं पांढरा करून लोकांपुढे जायचा." हा शब्द मला फार आवडला. पांढऱ्या कपड्यांचं आमच्या घरी अप्रूप होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही सगळे बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेलो होतो, तेव्हा बानं स्वतःला आणि मला पांढरे कपडे शिवून घेतले होते. पुढे ते मला तोकडे झाले, दुसरे शिवले, पण विहारात जायचं ते पांढरं घालूनच. त्याच साली बानं गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम टाकलं, गावही टाकलं, आणि आम्हाला घेऊन दिग्रसला येऊन जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, लागला. यंत्राच्या तोंडात दिवसभर कापूस लोटायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

मास्तरांची एक खोड होती. कुठलंही लॅटिन मूळ ते संस्कृतला नेऊन बांधायचे. "दंत, डेंटल. नौ, नेव्ही. हे तर तुला येतच असेल." मला येत नव्हतं. शाळेत मी संस्कृत घेतलं नव्हतं. आमच्यासारख्या पोरानं ते घ्यावं असं तिथं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, हे जास्त खरं. मास्तर दर वेळी विसरायचे आणि दर वेळी वैतागायचे. ते उघड वैतागायचे, मी आतल्या आत. एकदा 'टर्शरी' शब्द निघाला. "तिसरा. संस्कृतात काय? सांग, सांग," म्हणत ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हणालो, "ततियम्पि." विहारात त्रिशरण तीनदा म्हणतात, आणि तिसऱ्या खेपेला हा पाली शब्द पुढे लावतात. तो मला झोपेतही येत होता. मास्तरांनी तो शब्द स्वतःशी एकदा पुटपुटून पाहिला. मग म्हणाले, "बरं, पाली चालेल."

चालेल! इतकंच. तेव्हाही मला राग आला होता आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही.

घरी मी मुळं भिंतीवर लिहायचो, चुलीतल्या कोळशानं. उठताबसता दिसावीत म्हणून. एका मुळाखाली त्याचे शब्द, शेजारी दुसरं मूळ, असं करत भिंत आढ्यापर्यंत भरली. मायला हे बघवत नसे. "तुह्या इंग्रजीनं घर काळं करून टाकलं," म्हणायची, "परवा पुनव हाय, मले भित सारवा लागते." आणि पांढऱ्या मातीचा हात फिरला की माझी अख्खी लॅटिन गडप व्हायची. मी पुन्हा कोळसा घ्यायचो.

बा मात्र जेवताना भिंतीकडे कौतुकानं बघत बसायचा. त्याला वाचता येत नव्हतं. एकदा मी त्याला म्हणालो, "बा, ह्या दंडातल्या मांसाले इंग्रजीत मसल म्हणते. त्याचा खरा अर्थ बारका उंदीर."

"काहून?"

"दंड हालवला का कातड्याखाली उंदीर पळल्यावानी दिसते म्हून."

बानं दंड हलवून पाहिला. त्याला ते पटलं. मग म्हणाला, "अन् खऱ्या उंदराले काय म्हणते?"

"माउस."

"मंग मसल कायले? ह्याले बी माउसच म्हणाव ना."

मी चिडून ताटावरून उठलो. इतक्या कष्टानं शिकलेलं ज्ञान असं एका घासात संपवलं की कुणालाही राग येईल.

पहिल्या खेपेला यवतमाळला जाऊन पेपर दिला आणि सपशेल आपटलो. शब्दांचे अर्थ विचारले होते. मी मुळातून अर्थ काढले. 'नाइस' म्हणजे अडाणी, असं लिहिलं, कारण लॅटिनमध्ये तो शब्द काही न कळणाऱ्या माणसासाठी होता. 'प्रिव्हेंट' म्हणजे अगोदर येऊन पोचणे. निबंध कापसाच्या धंद्यावर होता, त्यात तर मी कहरच केला. मॅन्युफॅक्चर म्हणजे हातानं घडवणे, जिनात सगळं यंत्र करतं, सबब जिनातल्या कामाला हा शब्द लावणं चूक आहे, असं पानभर पटवून दिलं. माझ्या शेजारच्या बाकावरचा पोरगा, ज्याला मूळ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, तो पास झाला.

मी मास्तरांना सगळी उत्तरं सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "तुझं एकही उत्तर चूक नाही. तपासणारा अडाणी आहे." त्यांच्या डोळ्यांत मला पाणी दिसलं. एवढा चांगला विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. मला त्या पाण्याचं काय करायचं होतं? मला नोकरी पाहिजे होती.

पुढच्या भरतीला माझी वयाची मर्यादा संपत होती. अर्जात धर्म लिहायच्या जागी बानं मला 'बौद्ध' लिहायला लावलं होतं, आणि केंद्राच्या कागदावर त्या शब्दासरशी आमच्या अनुसूचित जातीच्या सवलती संपायच्या, वयाचीसुद्धा. मलाही तिथं दुसरं काही लिहायचं नव्हतं. पण ज्यांनी हा नियम केला त्यांच्या नावानं मी रोज बोटं मोडायचो. म्हणजे ही खेप शेवटची होती. ती हुकली की मीही बाच्या शेजारी उभा राहून कापूस लोटणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

या वेळी मी मुळं मनात ठेवली आणि कागदावर साधे अर्थ लिहिले. लेखी परीक्षा पास झालो. तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं, नागपूरला.

काय घालून जायचं याचा विचारही करावा लागला नाही. कँडिडेट म्हणजे पांढरा. मायनं माझे विहाराचे कपडे नीळ घालून धुतले. बानं शेजाऱ्याकडून इस्त्री आणून, निखारे भरून, ती स्वतः फिरवली. मास्तर एसटीच्या थांब्यावर आले होते. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाले, "आज रोमन दिसतोस."

आत तिघे साहेब होते. बाकीची पोरं करड्या नाहीतर खाकी पँटी घालून आली होती. मधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "सगळं पांढरं का?" मी या प्रश्नाची किती दिवस वाट बघत होतो! मी सुरू झालो. कँडिडस, रोम, खडू, अंगरखा. वाक्यं मास्तरांची होती, तशीच्या तशी पाठ होती. साहेब पुढे झुकले. एकानं आणखी दोन शब्द विचारले, मी दोन्हींची मुळं खणून काढली. तिघेही खूष झाले. मधले साहेब खुर्चीत मागे रेलून हसत म्हणाले, "व्हॉट डज युअर फादर डू?"

फादर. पॅटर. पितर. पॅटर्नल, पॅट्रन, पेट्रियट. सगळे शब्द माझ्या डोक्यात रांगेनं उभे राहिले आणि एकही पुढे सरकेना. मूळ सापडल्याशिवाय शब्द काढायचा नाही. बा काय करतो? लोटतो. लोटण्याचं मूळ काय? मजूर म्हणावं, तर लेबर म्हणजे मुळात कष्ट, मग वाक्य कसं करावं? इतकी वर्षं शब्द शिकलो, पण इंग्रजीत कुणी मला जेवलास का म्हणूनही विचारलं नव्हतं.

"टेक युअर टाइम," एक साहेब म्हणाले.

"मॅन्युअल, सर," मी म्हणालो. "मॅनस मीन्स हँड."

ते हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागलं. तिसऱ्या साहेबांनी मराठीत विचारलं, "अहो, वडील काय करतात?" आता मराठीत सांगावं की इंग्रजीत, हेही मला कळेना. मी उभाच राहिलो. मग "थँक यू" आलं. त्याचं मूळ शोधायची गरज नव्हती.

निकाल पुढे यायचा तेव्हा आला, त्यात मी नव्हतो. पण मला तो त्या दाराबाहेर पडतानाच कळला होता. एसटीत बसल्यावर मी मास्तरांना, पाद्र्याला आणि सगळ्या रोमला शिव्या घातल्या. पांढऱ्या पँटीवर रस्ताभर धूळ बसत होती, ती झटकलीही नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. बा नुकताच जिनातून आला होता, तोंडही धुतलं नव्हतं. भुवयांवर कापूस तसाच.

"काय इचारलं?"

"बरंच काई," मी म्हणालो. मग उगाच तोंडातून निघून गेलं, "तुह्याबद्दल बी इचारलं."

"माह्याबद्दल?" बा उठून उभा राहिला. मायला हाक मारली. "आयकलं का? नागपूरच्या सायबानं माह्याबद्दल इचारलं! काय इचारलं रे?"

"बाप काय करते म्हणे."

"मंग? तू काय सांगतलं?"

"सांगतलं. जिनात हाय म्हून."

"इंग्रजीत?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

"मले म्हणून दाखव ना. जसं सायबाले सांगतलं तसं."

मी भिंतीकडे बघितलं. मायनं मी नागपूरला गेल्यावर ती सारवून काढली होती. तिच्यावर एक अक्षर नव्हतं.

"माय फादर वर्क्स इन अ जिन," मी म्हणालो. "ही फीड्स द कॉटन."

न अडखळता आलं. कुठून आलं कोण जाणे. बा ऐकत राहिला, मग खाली बसला. थोडा हिरमुसलेला वाटला.

"एवढंच?" तो म्हणाला. "मले वाटलं लय मोठं असंन. हे तं सोपं हाय."