बॅटरीवरचा अखंड दिवा

मी मोटारीच्या बॅटरीवर देवापुढं अखंड दिवा लावला. सांगलीच्या गल्लीबोळांत मावेल अशी जुनी, छोटी गाडी घेतली होती. तिच्या डॅशबोर्डवर खंडोबा बसवला आणि भोवतीची लाल बल्बांची माळ थेट बॅटरीला जोडली. गाडी बंद असली तरी देव अंधारात बसायला नको. बॅटरी म्हातारी आहे, बदला, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. मी उलट त्यालाच भक्तीची ताकद समजावून सांगितली.

गाडी घेतली ती आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. आई गेली आणि त्यांनी बोलणंच थांबवलं. फौजेत ट्रक चालवलेला, एका हाकेत गल्ली जागी करणारा माणूस नुसती मान हलवू लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, जीभ पाहिली. सगळं ठीक आहे, मनानंच कडी लावून घेतलीय, म्हणाले. ती उघडायची कशी, हे मात्र कुणी सांगेना. रोज जेवताना त्यांच्यापुढं एकटाच बडबडून मी थकलो. देव खरंच ऐकतो का, अशी शंकाही यायला लागली. शेवटी त्यांना कुलदैवताच्या, पालीच्या खंडोबाच्या पायांवर घालायचं ठरवलं.

आबांना शेजारी बसवलं. निघताना गाडी कशीबशी सुरू झाली. उंब्रजला चहासाठी इंजिन बंद केलं, ते पुन्हा चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. माळ तेवढी मिणमिणत होती. बॉनेट उघडून मला काही कळलं नसतं, म्हणून मी हात जोडून बसलो.

तेवढ्यात माणदेशातल्या धनगरांचा टेम्पो शेजारी थांबला. तेही देवालाच निघालेले. एक म्हातारी खाली उतरली. "देवाच्या वाटंवर गाडी आडली व्हय? उतरा रं, लावा हात!" मी विनवायच्या आत सगळे गाडीमागं. "पावनं, दुसरा गिअर टाका. गाडी पळाय लागली की क्लच सोडा," एकानं सांगितलं. मी क्लच गच्च दाबला. येळकोटाच्या गजरात गाडी पळू लागली आणि मला इतकं भरून आलं की पाय उचलायचाच राहिला. गाडी थांबली. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. म्हातारीला धाप लागली. आणि शेजारच्या सीटवरून आवाज फुटला, "आरं सोड की क्लच! किती पळवतोस मानसास्नी?"

पाय आपोआप उचलला गेला. गाडीनं हिसका दिला, इंजिन धडधडलं. मला मात्र समोरचा रस्ता दिसेना, डोळे भरले होते.

पालीला देवापुढं उभा राहिलो तेव्हा मागायचं काही उरलंच नव्हतं. नवस, अभिषेक, कितीतरी बेत मी आखले होते. त्यातला एकही कामी आला नाही. माझ्या हातात होतं तेवढं मी बिघडवलं आणि ओळख ना पाळख अशा माणसांनी ते पुढं ढकललं. त्यांची नावंही मी विचारली नाहीत. कृपा अशीच येत असावी, आपल्या बेताला न विचारता. तेव्हापासून देवावर भार टाकताना पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही.

भंडारा उधळून झाल्यावर मी गहिवरून म्हणालो, "आबा, देवानं तुमची वाचा परत दिली."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "देवाला कशाला मधी घेतोस? तुझी डायव्हरकी बघून मुक्या बैलानंबी शिवी हासडली आसती."