नूरुद्दीनच्या बैठकीतला विलायती सिनेमा

रियाधच्या बत्हा बाजारातल्या नूरुद्दीनच्या खानावळीत मच्छी चांगली मिळते, पण माणसं येतात ती त्याच्या तोंडासाठी. भिंतीवरच्या टीव्हीवर तो जुनेपुराणे विलायती विनोदी सिनेमे लावतो. सिनेमा नुकता कुठं बोलायला लागला होता त्या काळातले, चार दिडक्यांत उरकलेले. दार आपटलं की अख्खी भिंत हलते, आणि आवाज असा की कुणी कढईत पापड सोडलेत. खुद्द इंग्रजांना कळत असेल तर शपथ! म्हणून गल्ल्यावर बसून नूरुद्दीनच सगळ्यांचे संवाद आपल्या दापोलीच्या बोलीत म्हणतो. त्याचा लॉर्ड बटलरला "काय रे मेल्या" म्हणतो, आणि गिऱ्हाइकांना ठसका लागतो.

घरी मात्र हे चालत नसे. मुलगी सुहाना तिथल्याच इंग्रजी शाळेत शिकलेली, आता इस्पितळात औषधं देते. बापाने मराठीत विचारावं, तिने इंग्रजीत उत्तर द्यावं. लहानपणी गावी गेली तेव्हा चुलत भावंडं तिच्या बोलण्याला फिदीफिदी हसली. तेव्हापासून पोरीने गावची बोली जी गिळली ती गिळलीच.

एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, तिला बघायला पाहुणे आले. मुलगा उमैर, अबकैकच्या तेल प्रकल्पात इंजिनियर. सोबत गुहागरहून मक्केला उमऱ्याच्या यात्रेसाठी आलेली त्याची दादी, हाजरा. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलेला. पोरापोरीचं फोनवर जमलंच होतं. अडलं होतं ते दादीच्या होकारावर.

"आज नकला नाय करायच्या," नूरुद्दीनच्या बायकोने, बदरुन्निसाने, सकाळीच दम भरला होता. "सोयरीक मोडली तर याद राखा!"

नूरुद्दीनने मान डोलावली, पण डोकं चालवायचं काही सोडलं नाही. मुलगा इंजिनियर, तेव्हा आपलं घर सुधारलेलं दिसायला हवं! त्याने बैठकीत इंग्रजी सिनेमा लावला आणि पायावर पाय टाकून बसला. आता काय म्हणावं या शहाण्याला? म्हातारी एकच धास्ती घेऊन आली होती, की ही इंग्रजी शाळेतली पोर माझ्याशी बोलेल तरी का.

सुहाना सरबत घेऊन आली. "कशी हायस गो?" दादीने विचारलं.

घाबरलेल्या पोरीच्या तोंडून निघालं, "फाइन, थँक यू."

म्हातारीने ग्लास तसाच खाली ठेवला. खलास!

पडद्यावर एका मुलीने आपल्या भित्र्या नवरदेवाला कपाटात लपवलं होतं आणि तिची जाडजूड मावशी छत्री घेऊन त्याला हुडकत होती.

"काय बोलते ती बाई?" दादीने कोरडेपणाने विचारलं.

नूरुद्दीनने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे वटारले. पण पाहुणीने विचारावं आणि यजमानाने गप्प बसावं, हे कुठल्या रीतीत बसतं? मावशीचा आवाज काढून तो म्हणाला, "माझ्या घरात परक्या पुरुषाच्या पायताणाचा वास येतो गो!"

म्हातारीचे ओठ हलले. मग काय, नूरुद्दीन सुटलाच. मावशी तो, नवरदेव तो, हवालदारही तोच. दादी ओढणीत तोंड खुपसून हसू लागली. तेवढ्यात पडद्यावर मावशी आणि मुलगी एकदमच भांडायला लागल्या, आणि गडी अडकला. एका तोंडाने दोन बायका कशा भांडवणार?

दाराशी उभी असलेली सुहाना एकदम कडाडली, "मावशे, उगा शंख करू नको! कपाटात सुकट ठेवलीय, तिचाच वास तो!"

सगळे हसून हसून आडवे झाले. बदरुन्निसासुद्धा. नूरुद्दीन मात्र पडदा सोडून लेकीकडेच बघत राहिला. किती वर्षांनी लेक त्याच्या बोलीत बोलली होती!

दादीने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "ही वाचा येवढा वेळ कुठं ठेवली होतीस गो?"

सुहाना लालेलाल झाली. "बोलेन मी तुमच्याशी, दादी. पण माझं चुकतं. हसू नका हां."

"हसणार तर!" म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली. "हसायलाच तर नेतेय तुला."