सुरंगेतली वाघळं कुठली?

मी पोहोचले तेव्हा सुरंगेच्या तोंडाशी चिरे उतरवून झाले होते. बेळगावकडचे दोन गवंडी काजूच्या सावलीत बसले होते. मालक आले की भिंत घालायची, असं त्यांनी सांगितलं. मालकांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका, एवढीच विनंती केली आणि आमच्या सरांना फोन लावला.

मी वाघळांवर, म्हणजे वटवाघळांवर, काम करते. त्यांच्या पंखाच्या पडद्याचा अगदी बारीक तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए वाचायचा आणि कोणती जात कोणाची नातेवाईक, त्यांचे पूर्वज कुठून पसरले, हे शोधायचं. पंखाला पडलेलं ते भोक काही आठवड्यांत भरून येतं. मी राहते गोव्यात, पेडण्यातल्या पार्श्याला. पण त्या वर्षी आमची एक साइट दिचोली तालुक्यात होती. श्रीधर गावस यांचं कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बाग, आणि तिच्या वर जांभ्याच्या डोंगरात पाण्यासाठी पूर्वी खणलेली सुरंग. आत फळं खाणारी मोठी वाघळं होती आणि किडे खाणारी बारकीही.

भिंतीचा हा गोंधळ आमच्याच स्लाइडवरून झाला होता. पंचायतीत सरांनी प्रेझेंटेशन दिलं, त्यात एक नकाशा होता. फळं खाणाऱ्या वाघळांचे पूर्वज आग्नेय आशियात झाले आणि तिथून इकडे, पुढे आफ्रिकेपर्यंत पसरले, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. नकाशावर तसे बाण होते. कोणीतरी फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. खाली लिहिलं होतं की वाघळं परदेशातून आली आणि ताप घेऊन आली. केरळातल्या निपा तापाच्या बातम्या लोकांनी पाहिलेल्या होत्याच.

"आपली परवानगी सॅम्पल घेण्याची आहे," सर फोनवर म्हणाले. "गावच्या भानगडीत पडू नकोस."

"सर, आत पिल्लं आहेत."

"मग बोल. पण जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोल."

थोड्या वेळाने गावसकाका आले. सोबत पंच प्रेमाताई होत्या. काकांनी सरळच विचारलं, "म्याडम, ही भायली म्हणान तुमीच सांगितलास मां?"

"त्यांचे पूर्वज बाहेरून आले असावेत. पण ते लाखो वर्षांपूर्वी. माणसं इथे यायच्याही आधी."

"म्हणजे आमच्या आदीची," प्रेमाताई म्हणाल्या.

"आदीची आसांदेत," काका म्हणाले. "ह्या सुरंगेतला पाणी माज्या घराकडे येता. माजी नात ताच पिता. तिका काय जावचा नाय म्हणान तुमी ग्यारंटी देतास?"

"नाही देत," मी म्हटलं. "मी विषाणू तपासत नाही. ते वेगळ्या लॅबचं काम."

काकांनी चिऱ्यांकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं की भिंत आपणच घालून दिली. पण खोटी खात्री देऊन निघून जाणं मला जमलं नसतं. मग ठाऊक होतं ते सांगितलं. पाणी उकळून प्यायचं. वाघळानं चावलेलं फळ खायचं नाही. खाली पडलेल्या वाघळाला हात लावायचा नाही आणि सुरंगेत कोणी शिरायचं नाही.

काकांनी मधला मार्ग काढला. "मोठी घालवया. बारकी रवांदेत, ती मच्छर खातत."

"काका, ही बारकी तुमच्या कौलांत राहणाऱ्या बारक्यांसारखी दिसतात. पण डीएनए पाहिला तर ती या मोठ्यांच्या जास्त जवळची आहेत."

"चुलत भाव म्हणा."

"तसंच."

"चुलत भाव पण घरा येगळी करतत."

प्रेमाताई हसल्या. मीही हसले. "करतात. पण इथे दार एकच आहे. भिंत घातली तर दोघंही आत अडकतील. आणि मेलेली वाघळं त्याच पाण्यात कुजतील."

पिल्लांच्या दिवसांत आम्ही कोणाला आत नेत नाही. त्यामुळे आदल्या आठवड्यात घेतलेला व्हिडिओ कॅमेऱ्यावरच दाखवला. छताला लटकलेल्या माद्या आणि प्रत्येकीच्या छातीला चिकटलेलं एक पिल्लू. काकांनी कॅमेरा हातात घेतला आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"ह्यांका उडाक कदी येतला?"

"पावसाच्या तोंडाला बरीचशी उडू लागतील."

काकांनी गवंड्यांना हाक मारली आणि आज काम नाही म्हणून सांगितलं. दिवसाची मजुरी देईन, असंही म्हणाले.

पुढचं प्रेमाताईंनी पाहिलं. तोंडापासून थोडं अंतर सोडून कुंपण आलं, बोर्ड लागला. काकांच्या घराला नळाचं कनेक्शन मंजूर झालं आणि सुरंगेचं पाणी फक्त बागेला राहिलं. केळीच्या घडांना जाळी घालायला आम्ही मदत केली. भिंतीचा विषय पावसाळ्यानंतर कोणी काढला नाही.

डीएनएचे निकाल बऱ्याच महिन्यांनी आले. सुरंगेतली मोठी वाघळं घाटातल्या वाघळांच्याच घराण्यातली निघाली. नुकतं कुठून आल्याची काही खूण नव्हती. मी मुद्दाम प्रिंट काढून काकांकडे नेली. त्यांनी ती चष्मा लावून पाहिली, नातीच्या हातात दिली आणि मला विचारलं, "जाळी फाटली हा. दुसरी मेळात?"

त्या घरात ही वाघळं कुठली, या प्रश्नाचं काम नळ जोडला त्या दिवशीच संपलं होतं. हल्ली गावात प्रेझेंटेशनला गेले की मी आधी पाण्याची चौकशी करते.